नेपाळची सेवासहल: पॅकेज घ्यावं की गावात राहावं?

दिवाळी जवळ आली की पुण्या-मुंबईच्या आणि नगरकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, नेपाळच्या सेवासहलीची पत्रकं फिरायला लागतात. आठ-दहा दिवस, जाणं-येणं, राहणं-जेवण, तीन-चार मंडळ्यांना भेटी, एक शाळा, पोखऱ्याचा फेवा तलाव आणि ठळक अक्षरांत 'स्थानिक बंधुभगिनींशी मैत्री'. पत्रकाच्या मागच्या बाजूला दिवसवार कार्यक्रम छापलेला असतो. त्यात मैत्रीसाठी किती तास ठेवलेत ते बोटावर मोजून पाहा. बहुतेक पत्रकांत एकही नसतो. या परीक्षणात पॅकेज, गावातला होमस्टे आणि लांबचा मुक्काम या तिन्ही सोयी फक्त मैत्रीच्या कसोटीवर पाहिल्या आहेत. बसची गादी आणि हॉटेलचं गरम पाणी हे विषय दुसऱ्या कुणीतरी घ्यावेत.

आधी पॅकेजचा हिशेब. मुंबईहून रेल्वेनं गोरखपूर गाठायला साधारण दीड दिवस जातो. पुढे सुनौलीची हद्द सुमारे शंभर किलोमीटरवर, म्हणजे बस-जीपनं तीन तास. हद्द ओलांडून भैरहवा, बुटवल आणि मग घाटातून पाल्पा जिल्ह्यातलं तानसेन, आणखी तीन ते चार तास. एका बाजूचा प्रवास अडीच दिवसांचा. दहा दिवसांतले पाच रस्त्यात गेले, उरले पाच. त्यातले दोन पोखऱ्यात सरोवर आणि खरेदीला. राहिलेल्या तीन दिवसांत तीन गावं. प्रत्येक गावात हार, चहा, गाणी, साक्ष (म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगणं), प्रार्थना, फोटो आणि पुढच्या गावाला उशीर होतोय म्हणून घाई. अशा दौऱ्यात दोनशे हात हातात येतात आणि एकही नाव लक्षात राहत नाही.

दिवसांपेक्षाही मोठा घोळ तासांचा आहे, आणि आयोजकांच्या तो ध्यानातच येत नाही. नेपाळच्या डोंगरी गावात माणसं पहाटे पाचला उठतात. गवत, पाणी, जनावरं आटोपून पहिलं जेवण सकाळी नऊ-दहाच्या सुमारास होतं, मग दिवसभर शेत. सहा-सातला दुसरं जेवण, आणि त्यानंतर झोपेपर्यंतचे दीड-दोन तास घर मोकळं असतं. चुलीजवळ गप्पा होतात, शेजारी येऊन बसतात. नेमक्या याच वेळी पॅकेजमध्ये 'टीमची शेअरिंग मीटिंग' असते. दार लावून, मराठीत, दिवसभरात काय काय अनुभवलं ते एकमेकांना सांगायचं. बाहेर घरमालकीण आणि तिची मुलं पाहुण्यांना झोप आली असेल असं समजून निजायला जातात. दुपारी दोन ते पाच 'घरोघरी भेटी' छापलेल्या असतात, त्या वेळी घरात म्हातारी माणसं आणि कोंबड्या सोडून कुणी नसतं. पॅकेज घ्यायचंच असेल तर आयोजकाकडून एवढा एक बदल करून घ्या: टीमची बैठक दुपारी, संध्याकाळ पूर्ण रिकामी. एवढ्यानं सुद्धा पाचपैकी दीड गुणाचं पॅकेज अडीचवर येतं.

टीम किती जणांची, हेही आधी विचारा. अठरा-वीस जणांची बस गावात शिरली की गावाच्या लेखी ती वरात असते. वीसजणांना एका घरात झोपवता येत नाही, म्हणून शाळेच्या किंवा मंडळीच्या खोलीत सतरंज्या पडतात, जेवण टीमचा आचारी करतो, आणि गावाशी संबंध कार्यक्रमापुरता उरतो. चार ते सहा जण असले की दोन-दोन करून तीन घरांत वाटले जातात. एकाच रंगाचे टी-शर्ट घालू नयेत. का, ते पुढे कायद्याच्या ओघात येईलच.

पर्याय आहे गावातला सामुदायिक होमस्टे. नेपाळमध्ये ही सोय जुनी आणि बऱ्यापैकी शिस्तीची आहे. स्याङ्जा जिल्ह्यातल्या सिरुबारी या गुरुंग जमातीच्या गावात निवृत्त कॅप्टन रुद्रमान गुरुंग यांच्या पुढाकारानं १९९७ मध्ये ती सुरू झाली. पाहुणा कुणाच्या घरी जाणार हे गावची समिती पाळीनं ठरवते, त्यामुळे गिऱ्हाईक ओढण्याची चढाओढ नाही. नंतर सरकारनं नियम केले: सामुदायिक होमस्टेला किमान पाच घरं हवीत, एका घरात पाहुण्यांसाठी जास्तीत जास्त चार खोल्या. लमजुङचं घलेगाव हेही याच धाटणीचं आणि नाव असलेलं गाव. दर गावागणिक वेगळे, पण दोन वेळचं जेवण आणि चहा धरून माणशी रात्रीला साधारण हजार ते दोन हजार नेपाळी रुपये लागतात. विनिमयाचा दर १९९३ पासून एकाला १.६ असा बांधलेला आहे, म्हणजे आपले सव्वासहाशे ते साडेबाराशे.

मैत्रीच्या हिशेबात होमस्टेची जमेची बाजू ही की तुम्ही पैसे देऊन त्या घरचे पाहुणे झालेले असता. देणारे-घेणारे असं नातं तयार होत नाही. घरमालकीण तुम्हाला ऋणी नसते, तुम्ही तिला ऋणी नसता, आणि बरोबरीनं बोलता येतं. मिशनच्या सहलीत ही बरोबरी फार दुर्मीळ आहे. उणी बाजूही सांगायला हवी. सिरुबारीसारख्या गाजलेल्या गावात स्वागताची पंचेबाजा वाद्यं, हार आणि आमा समूहाचं, म्हणजे गावातल्या बायकांच्या गटाचं, नाचगाणं हा ठरलेला भाग आहे, आणि पहिली संध्याकाळ त्यातच जाते. एका रात्रीसाठी गेलात तर तेवढंच बघून परत याल. चार रात्री एकाच घरात काढा. तिसऱ्या दिवशी घरातलं माणूस तुमच्यासमोर आपसांत भांडायला लागतं, तेव्हा समजावं की आता तुम्ही पाहुणे कमी झालात.

आणखी एक गोष्ट बजावून सांगायची. होमस्टेचं गाव बौद्ध किंवा हिंदू असतं, समितीनं तुम्हाला पर्यटक म्हणून घेतलेलं असतं. तिथे सभा भरवणं, पत्रकं वाटणं म्हणजे यजमानाच्या घरात बसून त्यालाच अडचणीत आणणं. शनिवारी उपासनेला जवळच्या मंडळीत चालत जा, संध्याकाळी परत या. कुणी विचारलं तर कुठे गेलो होतो ते सरळ सांगा. प्रश्न कुणी विचारला तर उत्तर द्यायला हरकत नाही, न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं वाटत फिरू नये.

आता कायदा, कारण बरीचशी पत्रकं याविषयी गप्प असतात. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेच्या २६ व्या कलमात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याला मनाई आहे. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या अपराध संहितेच्या १५८ व्या कलमात त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. आरोपी परदेशी असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर. भारतीयांना व्हिसा लागत नाही म्हणून आपण परदेशी नाही, हा भ्रम सोडावा. शिवाय तक्रार झाली तर तुम्ही तोवर गोरखपूरच्या गाडीत असता, आणि चौकीत बसावं लागतं ते गावच्या पाळकाला, म्हणजे तिथल्या पास्टरला. एकसारख्या टी-शर्टातली टोळी, ध्वनिक्षेपक, वाटपाच्या पिशव्या आणि फेसबुकवर 'इतके आत्मे जिंकले' असा मथळा, एवढा ऐवज तक्रारदाराला पुरतो. म्हणून फोटो टाकण्याचा नियम आयोजकाकडून लेखी मागा: मंडळीच्या कुणाचाही चेहरा, गावाचं नाव आणि साक्षीचा मजकूर तिथल्या वडीलजनांच्या (मंडळीच्या कारभारी ज्येष्ठांच्या) परवानगीशिवाय कुठेही जाणार नाही. लेखी द्यायला आयोजक कां-कूं करत असेल तर तिथेच नमस्कार करून उठावं.

कायदा नसता तरी मुद्दा तोच राहिला असता. समोरच्याला बदलायचंय म्हणून केलेली मैत्री समोरच्याला पहिल्या चहाच्या कपातच कळते. नेपाळमधलं मिशनचं काम या अटीतच वाढलं. रॉबर्ट फ्लेमिंग हे मसुरीच्या शाळेतले शिक्षक १९४९ मध्ये पक्ष्यांचा अभ्यास करायला तानसेनकडे गेले. पुढच्या फेरीत बरोबर डॉक्टर होते, त्यांनी दवाखाना चालवला, आणि त्यातून तिथे रुग्णालयाची परवानगी मिळाली. ते रुग्णालय चालवायला 'युनायटेड मिशन टू नेपाळ' ही संस्था स्थापन झाली ती ५ मार्च १९५४ रोजी, आपल्या नागपुरात. परवानगीची अट होती की धर्मप्रसार करायचा नाही. पोखऱ्यात १९५२ साली रामघाटची मंडळी उभी राहिली, तिचे पुढारी डेव्हिड मुखिया हे दार्जिलिंगकडून आलेले नेपाळी भाषक होते. परदेशी पाहुण्यानं व्यासपीठ घ्यायचं आणि नेपाळी माणसानं दुभाषा व्हायचं, ही पद्धत तिथल्या मंडळीची मूळची नव्हे, ती पाहुण्यांनी नेलेली आहे. २०२१ च्या जनगणनेत नेपाळमधले ख्रिस्ती १.७६ टक्के आहेत, आणि ही वाढ बहुतांशी त्यांनी स्वतः केलेली आहे. आपण जाऊन काही सुरू करणार आहोत, हा आव जितका लवकर उतरेल तितकं बरं.

मराठी माणसाला नेपाळमध्ये एक सोय आयती मिळते आणि तीच त्याला नडते. लिपी देवनागरी, जेवण डाळ-भात, हिंदी बऱ्याच जणांना कळते. त्यामुळे 'नेपाल तो अपना ही है' हे वाक्य तोंडातून निघतंच. नेपाळी माणूस हसून मान डोलावतो आणि मनात एक दार लावून घेतो. आपल्या सोसायटीच्या रखवालदाराला आपण वर्षानुवर्षं 'बहादूर' म्हणत आलो, तीच जीभ तिकडे नेऊ नये. पुरुषाला दाइ, वयानं लहान असेल तर भाइ. बाईला दिदी किंवा बहिनी. घरातल्या म्हाताऱ्यांना आमा आणि बा. सर्वनाम सर्वांना तपाईं. तिमी म्हणण्याइतकी सलगी झाली आहे की नाही ते त्यांना ठरवू द्या. बुद्धाचा जन्म भारतात झाला असं चुकूनही बोलू नका. भैरहव्याहून लुंबिनी हाकेच्या अंतरावर आहे आणि हा विषय तिथे हळवा आहे. २०१५ ची भारताच्या सीमेवरची नाकेबंदी आणि लिपुलेखच्या सीमावादाचा नकाशा यांचा विषय निघाला तर ऐकून घ्यावं, वकिली करू नये.

हिंदीबद्दल थोडं. गुरुंग आणि मगर जमातींच्या गावांत भारतीय सैन्याच्या गोरखा पलटणीतून निवृत्त झालेले पेन्शनर भेटतात. त्यांची हिंदी फर्मास असते, आणि आपल्या देशातल्या छावण्यांच्या आठवणी त्यांना सांगायच्याच असतात. तिथे हिंदी पूल होते. पण त्याच घरातल्या सुनेला आणि आजीला हिंदी येईलच असं नाही. सासऱ्याशी तासभर हिंदीत बोलत बसलात तर घरातल्या बायका पंगतीबाहेरच राहतात. त्यांच्यासाठी तीस-चाळीस नेपाळी वाक्यं पाठ करून जावं. त्यातला सर्वात उपयोगी शब्द 'पुग्यो', म्हणजे पुरे. भात वाढणारी बाई थांबत नाही, नुसतं 'नको' म्हटल्यानं तर अजिबात नाही. ताटावर हात आडवा धरून 'पुग्यो, दिदी' म्हणायचं, तेही निदान एकदा वाढून घेतल्यावर.

हा सराव घरच्या घरी होतो, आणि पॅकेजवाले कधीच सांगत नाहीत ती सूचना हीच. अछाम, डोटी, बझाङ या पश्चिमेकडच्या जिल्ह्यांतली माणसं पिढ्यान् पिढ्या मुंबईत कामाला येतात. मुंबई-पुण्यात नेपाळी भाषेच्या उपासना भरतात. पुण्याच्या बिबवेवाडीतल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत नेपाळी विद्यार्थी शिकून गेले आहेत. जाण्याआधी दोन-तीन महिने अशा एखाद्या नेपाळी मंडळीत जाऊन बसा. तिकडे जाताना त्यांच्यातल्या कुणाच्या गावाचा पत्ता, आईसाठी दिलेली पिशवी, भावासाठी निरोप असं काही हातात असेल, तर तुम्ही गावात टीम म्हणून शिरत नाही. मुलाच्या ओळखीचा माणूस म्हणून शिरता. मात्र पश्चिमेकडचे हे जिल्हे तानसेनपासून फार लांब आहेत. पॅकेजच्या वाटेवर ते येणार नाहीत, मार्ग त्यांच्याप्रमाणे आखावा लागेल.

शनिवारची उपासना. नेपाळमध्ये साप्ताहिक सुटी शनिवारी, म्हणून मंडळी शनिवारी भरते. २५ एप्रिल २०१५ चा भूकंप शनिवारी दुपारी १२ ला चार मिनिटं कमी असताना झाला, आणि अनेक ठिकाणी माणसं उपासनेत असताना छत कोसळलं. ज्या भागाला त्याची झळ लागली तिथे हा विषय आपणहून काढू नये. निघाला तर घड्याळ बघू नये. प्रवास आखताना शनिवार गावात पडेल असं बघा. निम्म्या पॅकेजांचा शनिवार नेमका बसमध्ये जातो, कारण आखणी रविवार धरून केलेली असते. आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायला विसरू नका.

दारात चपला काढायच्या, भेटेल त्याला हात जोडून 'जयमसीह'. बहुतेक ठिकाणी खाली चटईवर बसतात, बाया एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या. पाहुण्यांसाठी पुढे खुर्च्या मांडलेल्या असतात. एकदा बसून मान राखा, गाणी सुरू झाली की उठून चटईवर या. मादल, म्हणजे नेपाळी ढोलकी, वाजायला लागला की हिंदीतलं किंवा इंग्रजीतलं गाणं मोबाइलच्या ट्रॅकवर म्हणण्यापेक्षा आपल्याकडचं टाळाच्या ठेक्यातलं भजन म्हणावं. मादल त्याला आपोआप साथ धरतो, आणि उपासना संपल्यावर तो वाजवणारा मुलगा तुमच्याकडे चाल विचारायला येतो. साक्ष सांगायला बोलावलं तर पाच मिनिटं. मराठीतून हिंदी आणि हिंदीतून नेपाळी असा दुहेरी प्रवास असेल तर पाच मिनिटांची पंधरा होतात. तीन-तीन वाक्यांवर थांबावं, विनोद आणि म्हणी टाळाव्यात. टीममधल्या एकानंच बोलावं. सहाच्या सहा जण उभे राहिले तर मागच्या बाकीच्यांच्या घरी चूल थंड पडते, इतकं साधं गणित आहे.

जेवणाचे नियम फार अवघड नाहीत, कारण उष्ट्याचा विचार आपल्याकडेही आहे. तिथे तो जरा कडक आहे. आपल्या ताटातलं दुसऱ्याला देऊ नये, चमचा लावून भांड्यात घालू नये, पाणी पिताना ओठ टेकू नये. तानसेनच्या बाजारात टक्सार भागात पितळेचे करुवे मिळतात, पोटाला गोल आणि एका बाजूला आखूड तोटी असलेले. तो उजव्या हातानं उचलून तोटीची धार चार बोटं वरून तोंडात धरायची. पहिल्या खेपेला पाणी गळ्यावरून सदऱ्यात जातं, पोरं खिदळतात, आणि वातावरण मोकळं व्हायला तेवढं पुरतं. देताना-घेताना उजवा हात पुढे, डावा त्याच्या कोपराला. ब्राह्मण-क्षेत्री घरांत स्वयंपाकघराच्या आत बोलावल्याशिवाय जाऊ नये. मगर-गुरुंग घरांत एवढा निर्बंध सहसा नसतो, पण विचारून जावं. पाल्पा जिल्ह्यात मगर वस्ती मोठी आहे; रक्सी, म्हणजे घरची दारू, पुढे येईल. मगर-गुरुंग घरात तो पाहुणचार आहे. पण नेपाळी मंडळ्या दारूच्या बाबतीत कडक असतात, आणि ख्रिस्ती पाहुण्यानं घेतली ही बातमी दुसऱ्या दिवशी पाळकाच्या दारात असते. 'चिया भए पुग्छ' म्हणून चहावर निभवावं, कुणाचं मन दुखावत नाही.

संध्याकाळी करायचं काय, तर हाताला काम घ्यायचं. भाद्रपदात काढलेल्या मक्याच्या जुड्या कार्तिकात घराच्या पुढे टांगलेल्या असतात. जेवणं झाली की घरातलं कुणीतरी टोपलीभर कणसं ओतून बसतं. आधी अंगठ्यानं किंवा टोकदार काडीनं दाण्यांची एक ओळ सोडवायची. वाट झाली की तळहाताच्या मुळाशी जोर देऊन कणीस पिळायचं, शेजारच्या ओळी भराभर सुटतात. नाहीतर रिकाम्या बुरकुंडानं भरल्या कणसावर घासायचं. शहरी अंगठा पंधरा मिनिटांत हुळहुळतो. आजी तो बघते, हसते, आणि बुरकुंड हातात देते. दोन तासांत बोलणं जेमतेम वीस वाक्यांचं होतं, मध्ये मोठमोठी गप्प राहण्याची ठिकाणं असतात आणि ती कुणाला खटकत नाहीत. समोरासमोर खुर्च्या टाकून दुभाष्यामार्फत 'तुमच्या अडचणी काय?' असं विचारणाऱ्या भेटीत हे कधीच घडत नाही. टीममधल्या मुलींना आणि बायकांना याचा फायदा अधिक: नळावर, चुलीपाशी, गवताचा डोको (पाठीवरची टोपली) भरताना त्यांना जागा लगेच मिळते. पॅकेजचे पुरुष नेते मात्र बरेचदा 'सुरक्षितते'च्या नावाखाली त्यांना खोलीत बसवून ठेवतात.

पैसा आणि भेटवस्तू. मैत्री बिघडण्याचं सर्वात नेहमीचं कारण हेच. वापरलेले कपडे नेऊ नयेत. वाटपात कुणाला पँट, कुणाला नुसता मफलर, आणि टीम गेल्यावर त्यावरून मंडळीत धुसफूस. आधीच 'तांदळासाठी धर्म बदलला' हा टोमणा तिथल्या विश्वासणाऱ्यांना ऐकावा लागतो. पिशव्या वाटून आपण त्याला पुरावा देतो. पाळकाच्या घरी उतरलात तर होमस्टेच्या दरानं रोजचा हिशेब करा आणि पाकीट घरच्या बाईच्या हातात द्या, कारण कोंबडी तिनं उधारीवर आणलेली असते. मंडळीला अर्पण द्यायचं ते पेटीत किंवा कोषाध्यक्षाकडे पावती घेऊन. एकट्या पाळकाला बाजूला घेऊन खिशात सरकवलेल्या नोटा कुणी ना कुणी पाहतंच. वैद्यकीय शिबिराची जाहिरात असेल तर बरोबरच्या डॉक्टरांची नेपाळ मेडिकल काउन्सिलकडे तात्पुरती नोंदणी झाली आहे का ते विचारा. अनाथाश्रमाची भेट छापलेली असेल तर ती काढून टाकायला सांगा: नेपाळच्या अशा संस्थांतल्या बहुसंख्य मुलांचे आईवडील, निदान एक तरी, हयात असतात. पाहुण्यांची ये-जा हीच मुलांना तिथे ठेवण्याची कमाई होऊन बसते. दोन तास गळ्यात पडून मग निघून जाणाऱ्या पाहुण्यांमुळे त्या मुलांना काय मिळतं, हेही एकदा स्वतःला विचारावं.

तिसरी सोय लांबच्या मुक्कामाची, तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत. तानसेनचं मिशन रुग्णालय १९५४ पासून उभं आहे. नर्स-डॉक्टरांना तिथे काम करायचं असेल तर नोंदणी आणि परवानगीच्या कागदांना काही महिने धरावेत. ज्यांच्या हाती असं कौशल्य नाही त्यांनी बाजारात एखाद्या कुटुंबाकडे खोली घेऊन रोज दोन तास भाषा शिकावी, हा सर्वात स्वस्त आणि फळणारा मार्ग. लिपी आधीच येत असल्यामुळे मराठी माणूस तीन आठवड्यांत दुकानापुरता बोलता होतो. या सोयीतला खड्डा वेगळा आहे: परदेशी आणि इतर भारतीय सेवकांचं एक वर्तुळ सगळीकडे असतं, त्यांच्यात चहा, प्रार्थना, वाढदिवस चालू राहतात, आणि तीन महिने कुंपणाच्या आतच सरतात. आठवड्यातली एक संध्याकाळ त्यांना द्या, सहा शेजाऱ्यांना. मैत्रीचे गुण साडेचार. गावातल्या होमस्टेला साडेतीन, तेही चार रात्री राहिलात तरच.

काही फुटकळ पण नडणाऱ्या गोष्टी. पंधरा ते पासष्ट वयाच्या भारतीयाला विमानानं जायचं तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधारवर जाता येत नाही. रस्त्यानं जाणाऱ्यांनीही हेच जवळ ठेवावं. शंभराच्या भारतीय नोटा बऱ्याच ठिकाणी घेतात, मोठ्या नोटांचे नियम बदलत आले आहेत, म्हणून सुनौलीला पैसे बदलून घ्या. मार्च २०२४ पासून फोनपेच्या क्यूआरवर आपला यूपीआय शहरांतल्या दुकानांत चालतो, गावात रोखच. हे फोनपे नेपाळमधलं, आपल्या ॲपशी त्याचा संबंध नाही. पावसाळ्यात जाऊ नका, बुटवलच्या वर सिद्धबाबापाशी दरड येते आणि घाट बंद पडतो. असारात, म्हणजे आषाढात, भाताची लावणी असते, तेव्हा चिखलात उतरायची तयारी असेल तरच. दसैं, म्हणजे आपला दसरा, त्या आठवड्यात बसचं तिकीट मिळत नाही. तिहार, म्हणजे आपली दिवाळी, संपल्यानंतरचे तीन आठवडे सर्वोत्तम: आभाळ स्वच्छ, मका टांगलेला, भातकापणी तोंडावर.

परतल्यावरची सेवा कुठल्याच पॅकेजमध्ये नसते, त्यामुळे तिचं परीक्षण तुमच्या वागण्याचंच करावं लागेल. फोटो पाठवतो म्हणून सांगितलं असेल तर छापून पाठवा, पुण्या-मुंबईहून गावी जाणाऱ्या नेपाळी माणसाच्या हातून. आजीकडे व्हॉट्सॲप नसतं. पुन्हा येतो असं सांगायचं तर महिना सांगावा, नाहीतर सांगूच नये. तरुण मुलींना फेसबुकवर विनंत्या पाठवू नयेत. पूर्ण कुटुंबाशी संबंध ठेवायचा तर घरातल्या मोठ्या माणसाचा नंबर घ्या. पहिल्या दोन-तीन महिन्यांत पैशाची मागणी येऊ शकते, शाळेची फी, औषध, कर्ज. टाळून गप्प बसलात तर मैत्री तिथेच संपते, आणि लगेच पाठवलेत तर वेगळ्या तऱ्हेनं संपते. त्यांच्या मंडळीच्या वडीलजनांना विचारून बघतो, असं त्यालाच सरळ सांगा, आणि खरंच विचारा. दर शनिवारी उपासना सुटल्यावर, त्यांच्या घड्याळात दीडच्या सुमारास, पाच मिनिटांचा फोन करता आला तर दसैं-तिहारच्या सुटीनंतर त्या घरचं कुणी कामाला मुंबईत उतरलं की पहिला फोन तुम्हाला येतो. स्टेशनवर घ्यायला जावं लागतं.